टेबल सॉ घेताना पैसे कुठे घालावे, कुठे वाचवावे

प्रश्न : नमस्कार. मानेवाड्याला भाड्याच्या शेडमध्ये माझं फर्निचरचं काम आहे. हाताखाली पुतण्या आहे, एकोणीस वर्षांचा, नुकताच आयटीआय करून आलेला. तीन वर्षांपासून प्लायच्या टेबलाखाली मार्बल कटर उलटा बसवून त्याच्यावरच कापतो. सत्तर टक्के काम प्लायचं, म्हणजे किचन आणि वॉर्डरोब. बाकी सागवानाच्या चौकटी आणि दारं, जास्तीत जास्त अडीच-तीन इंची माल. आता टेबल सॉ घ्यायचं आहे, हातात ५५ हजार आहेत. एमआयडीसीतला एक फॅब्रिकेटर २ एचपी मोटर आणि १२ इंची ब्लेडचं मशीन २२ हजारांत बनवून देतो. गार्ड पाहिजे तर लावून देईन, पण कोणी ठेवत नाही, असं म्हणाला. ब्रँडेड १० इंची मशीनचा भाव ४८ हजार सांगितला. बाबा म्हणतात, ‘काहून २६ हजार जास्तीचे घालतं? हात जपून काम केलं की झालं.’ बोट लागताच थांबणारं मशीन मोबाइलवर पाहिलं. ते इकडे चालेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, आधी आज रात्रीचं काम. टेबलाखालचा मार्बल कटर काढून ठेवा. नवीन मशीन यायला पंधरा दिवस लागोत की महिना, त्याच्यावर आता एकही पट्टी घालू नका. ११० मिमी चाकाचा हा कटर मिनिटाला १२ ते १३ हजार फेरे फिरतो, म्हणजे कडेचा वेग ताशी अडीचशे किलोमीटर. तो दगडावर, हिऱ्याच्या चाकाने, हातात धरून चालवायला बनवलेला आहे. उलटा लावायचा तर त्याचं गार्ड काढावं लागतं आणि स्विच टेपने किंवा तारेने दाबून ठेवावा लागतो. मग बंद करायचं म्हटलं की फिरत्या ब्लेडजवळून टेबलाखाली वाकावं लागतं, नाहीतर सॉकेटपर्यंत जावं लागतं. तोवर प्लाय दुकानातूनच मापात कापून घ्या. लकडगंज भागात मोठ्या पॅनल सॉवर कापून देणारे आहेत.

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जपून काम करणाऱ्याचा हात ब्लेडला आपणहून लागत नाही. पण टेबल सॉवर हात ब्लेडला लागण्याचा दुसरा रस्ता आहे आणि तिथे जपणं कामाला येत नाही. १० इंची ब्लेड मिनिटाला ४३०० फेरे घेत असेल तर दाते ताशी दोनशे किलोमीटरने पळतात. तुमच्या बाजूचे दाते फळी खाली टेबलावर दाबतात, म्हणून सगळं ठीक चाललेलं दिसतं. मागचे दाते मात्र खालून वर येतात. फळी त्यांना चिकटली की ती उचलली जाते, ब्लेडच्या माथ्यावर चढते आणि त्याच वेगाने तुमच्या पोटाकडे फेकली जाते. यालाच किकबॅक म्हणतात. फळीवर ठेवलेला हात तिच्याबरोबर ओढला जातो. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे सगळं होऊन जातं, त्यामुळे हात मागे घेऊ असं कोणी म्हणू नये.

फळी मागच्या दात्यांना का लागते? कधी फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवतात ती सरळ पट्टी, मागच्या बाजूला ब्लेडकडे झुकलेली असते. कधी प्लायची शीट वाकलेली असते आणि ढकलताना डुलते. आणि अखंड लाकूड असेल तर चीर मिटते. नागपूरच्या हवेत हे तिसरं कारण फार भोवतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे आणि हवा ठणठणीत कोरडी, दोन महिन्यांनी तीच हवा ओलीचिंब. घाईने उन्हात सुकवलेल्या फळीचा वरचा थर आखडतो, आत ओल राहते आणि ताण फळीत कोंडून बसतो. उभी चीर दिली की दोन्ही भाग आपापल्या दिशेने वळतात. फाकले तर ठीक. मिटले तर मागच्या दात्यांना चिमटा बसतो. चांगल्या सुकलेल्या जुन्या सागवानात हे कमी होतं, कारण साग मुळातच कमी हलतो. ओल्या चिरीव मालात आणि बाभळीत जास्त. कोणती फळी मिटणार हे वरून पाहून अनुभवी मिस्त्रीलाही नेहमी ओळखता येत नाही.

याला उपाय आहे ब्लेडमागची एक पोलादी पात, रायव्हिंग नाइफ. तुमचे पैसे सगळ्यांत आधी तिच्यावर लागले पाहिजेत. ती दात्यांपासून ३ ते ८ मिमीवर असते, ब्लेडच्याच वळणाची असते आणि ब्लेडबरोबर वरखाली होते, कलते. चीर मिटलीच तर पातीवर मिटते, दात्यांवर नाही. तिचा माथा ब्लेडच्या माथ्यापेक्षा एक-दोन मिमी खाली असतो, म्हणून अर्धवट खोलीची खाच पाडतानाही ती काढावी लागत नाही. जुन्या पद्धतीचा स्प्लिटर दिसायला तसाच, पण तो ब्लेडबरोबर हलत नाही. ब्लेड खाली घेतलं की दोघांतलं अंतर वाढतं, आणि खाच पाडायची तर तो काढावाच लागतो. एकदा काढलेला स्प्लिटर सहसा परत लागत नाही. दुकानात ओळखायचं सोपं आहे: ब्लेड वरखाली करायचं चाक फिरवा आणि पात सोबत येते का ते पाहा.

पातीच्या जाडीचं गणित नीट समजून घ्या, कारण तिथेच गडबड होते. पात ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि चिरेपेक्षा, म्हणजे दात्यांनी पडणाऱ्या कापाच्या रुंदीपेक्षा, पातळ हवी. पातीवर २.२ मिमी कोरलं असेल तर १.८ मिमी पत्रा आणि २.६ मिमी चीर असलेलं ब्लेड तिच्याशी जुळतं. कोणीतरी स्वस्तातलं २ मिमी चिरेचं ब्लेड आणून घालतो, फळी पातीवर अडते, मिस्त्री वैतागतो आणि ब्लेड बदलायच्या ऐवजी पातच काढून ड्रॉवरमध्ये टाकतो. ब्लेड घेताना त्यावर छापलेले पत्रा आणि चीर हे दोन्ही आकडे वाचा. त्यावरचा जास्तीत जास्त आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा वर असलाच पाहिजे. भोकही मशीनच्या स्पिंडलला (ब्लेड बसतं त्या दांड्याला) जुळलं पाहिजे, टेप गुंडाळून भोक जुळवू नका.

आता तुमचे २६ हजार. हा फरक कागदावरचा आहे, कारण २२ हजारांचं मशीन आहे त्या रूपात वापरण्याजोगं नाही. त्याला पात बसवावी लागेल. बऱ्याच फॅब्रिकेटेड मशीनमध्ये स्पिंडल जागेवर पक्की असते आणि टेबलाचा फळा बिजागरीवर वरखाली होतो. तुम्हाला सांगितलेलं मशीन असं असेल तर पात बसवणं सोपं जाईल: स्पिंडलच्या बेअरिंगच्या घराला ब्रॅकेट लावून पात दोन बोल्टने कसली की टेबल कितीही हलवा, ब्लेडपासूनचं अंतर तेवढंच राहतं. एकाच बोल्टवर कसू नका, ती फिरेल. १२ इंची ब्लेडची चीर ३.२ मिमी आणि पत्रा २.२ मिमी असेल तर पात २.५ मिमीची करा. पुठ्ठ्याचा साचा कापून स्प्रिंग स्टीलमध्ये लेझर कटिंग करून घ्या. साधा मऊ पत्रा वाकतो, आणि वाकलेली पात स्वतःच फळी अडवते.

त्याशिवाय वर पॉलीकार्बोनेटचं गार्ड, पट्ट्याला झाकण, दोन्ही टोकांना कसली जाणारी फेन्स आणि डीओएल स्टार्टर, म्हणजे वीज गेली की तुटणारा मोटरचा स्विच. आमच्या अंदाजाने हे सगळं मिळून ९ ते १२ हजार होतात. भाव दुकानागणिक बदलतील, पण ढोबळ हिशेब असा की मशीन ३१ ते ३४ हजारांवर जातं. म्हणजे खरा फरक १४ ते १७ हजारांचा. एवढ्यावर निर्णय करायचा आहे.

फॅब्रिकेटेड मशीन वाईट असतं असं मुळीच नाही. इंडक्शन मोटर दिवसभर चालते, आवाज कमी, लोखंडी सांगाडा जागचा हलत नाही आणि १२ इंची ब्लेड चार इंचांच्या आसपास खोल जातं. ब्रँडेड छोट्या मशीनची कार्बन ब्रशची मोटर किंचाळते. सलग आठ तास चालवण्यासाठी ती बनलेली नसते, आणि उन्हाळ्यात शेडच्या पत्र्याखाली तर तिला मधूनमधून थंड होऊ द्यावंच लागतं. तुम्ही रोज सागवानच चिरत असता तर फॅब्रिकेटेड घ्या आणि वरचे १२ हजार न कुरकुरता घाला, असं सांगितलं असतं.

पण तुमचं काम मुख्यतः प्लायचं आहे आणि मशीनवर एकोणीस वर्षांचं पोर उभं राहणार आहे. म्हणून ४८ हजारांचं घ्या. बॉश, मकिता, डीवॉल्ट यांच्या १० इंची टेबल सॉला पात कारखान्यातूनच मापात येते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये हत्याराशिवाय लागणारं-निघणारं गार्ड तिच्यावर बसतं. ही सोय लहान वाटते, पण तिच्यावरच सगळं अवलंबून आहे. गार्ड काढलं जातं ते बहुधा आळसाने नाही. चिंचोळी पट्टी चिरताना पुढे ढकलायला जागा उरत नाही, म्हणून ते निघतं. मग ते परत लावायला पाना शोधावा लागला तर ते कोपऱ्यात पडून राहतं. हाताने खटकन बसणारं गार्ड परत बसतं. आणि ते काढलेलं असतानाही पात जागेवरच राहते. तीन इंची चौकट मात्र १० इंची ब्लेडच्या मर्यादेवरच येते, कारण उभ्या ब्लेडची खोली ७५ ते ८० मिमी असते. असा माल आरा मशीनवरून मापात चिरून आणा, इथे फक्त शेवटचं माप काढा.

बोट लागताच थांबणारं मशीन खरं आहे. अमेरिकेतल्या स्टीव्ह गॅस यांना १९९९ मध्ये ती कल्पना सुचली आणि सॉस्टॉप नावाने २००४ पासून ती मशीनं विकली जाऊ लागली. ब्लेडवर बारीक विद्युत संकेत सोडलेला असतो. शरीर विजेचं वाहक असल्यामुळे बोट लागताच तो संकेत बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसून पाच मिलिसेकंदांत ते थांबवतो. मोठं काम आहे, बोटं वाचतात. पण प्रत्येक वेळी ठोकळ्याचं कार्ट्रिज जातं आणि ब्लेडही बहुधा जातंच. ओल्या लाकडाने किंवा धातूचा थर असलेल्या लॅमिनेटनेही ते सुटू शकतं. अमेरिकेतून कोणाच्या हाती मागवलं तर ते बहुधा १२० व्होल्टचं असेल, आणि कार्ट्रिज संपलं की मशीन उभं राहील. शिवाय फळी फेकली जाणं ते थांबवत नाही. त्यासाठी त्या मशीनलाही पातच लागते. ५५ हजारांत तो विचार सोडा.

पैसे वाचवायचेच तर लेझरची रेघ, एलईडी दिवा आणि दोनशे वॉट जास्तीचे यांच्यावर वाचवा. किकबॅक अडवणारे दातेरी पंजे मिळाले तर चांगलं, पण धार बोथट झाली की ते फळीवरून घसरतात. त्यांच्या भरवशावर पात सोडू नका.

दुकानात पैसे देण्याआधी खोका उघडायला लावा. पात, गार्ड, पुश स्टिक (फळी ढकलायची काठी) आणि पाने आत आहेत का ते पाहा. दाखवायच्या मशीनवरची पात बरेचदा काढून ठेवलेली असते. मग मशीन चालू करा, भिंतीवरचा बोर्ड बंद करा आणि पुन्हा चालू करा. मशीन आपणहून सुरू झालं तर घेऊ नका. चालू कामात लाइट जाते, माणूस ब्लेडवर अडकलेली फळी काढायला वाकतो आणि तेवढ्यात लाइट येते. आपल्याकडे हा प्रसंग उन्हाळ्यात आणि वादळी पावसात वारंवार येतो. वीज गेली की तुटणारा आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत न जुळणारा स्विच हवा. डीओएल स्टार्टर फॅब्रिकेटेड मशीनला हेच काम करतो, ओव्हरलोडपासून मोटरही वाचवतो. त्यानंतर घड्याळ लावून पाहा: बंद केल्यावर ब्लेड दहा सेकंदांत थांबलं तर उत्तम. बंद केलेल्या पण अजून फिरणाऱ्या ब्लेडजवळ कानाला काही ऐकू येत नाही आणि हात तिकडेच तुकडा उचलायला जातो. बंद करायचं बटण मोठं आणि पुढे असावं, गुडघ्याने दाबता येईल असं. दोन्ही हात फळीवर असताना तेच उपयोगी पडतं.

उरलेले ७ हजार असे लावा. शेडच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग, आधी हे. मग ब्लेड: सोबत आलेलं असेल ते असेल, पण उभ्या चिरेला २४ ते ३० दात्यांचं आणि प्लाय-सनमायकाला ६० ते ८० दात्यांचं, दोन्ही कार्बाइडचे. सागवानात सिलिका असते, ती धार लवकर घालवते. ढकलायला जोर लागू लागला, काप काळा पडू लागला की ब्लेड धारेला पाठवा. बोथट ब्लेडवर माणूस अंगाचा भार टाकतो आणि हात घसरतो. चष्मा, कानाला मफ आणि एन-९५ मास्क घ्या. लाकडाची धूळ कर्करोगाचं सिद्ध कारण म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवली आहे. भुसा ओढणारा व्हॅक्यूम पुढच्या वेळी घ्या, तोवर शेडची दोन्ही दारं उघडी ठेवा.

प्लायची अख्खी शीट या मशीनवर चढवू नका. आठ बाय चारची १८ मिमी शीट ३० ते ३५ किलोची, मशीन स्वतः २५ किलोच्या आसपास. शीट मागे झुकली की मशीनच उचललं जातं. शीट जमिनीवर थर्माकोलच्या दोन पाट्यांवर ठेवा, सरळ अॅल्युमिनियमची पट्टी क्लॅम्प करा आणि हाताच्या सात इंची सर्क्युलर सॉने आधी मोठे तुकडे करा. नेमकं माप टेबल सॉवर काढा. मशीन स्टँडला किंवा जड टेबलाला बोल्टने कसा. मागच्या बाजूला ब्लेडच्या पातळीवर दुसरं टेबल ठेवा, म्हणजे कापलेला तुकडा धरायला कोणाला मागे उभं राहावं लागणार नाही. मागून ओढणारा माणूस फळी मागच्या दात्यांवर दाबतो.

पहिल्याच दिवशी प्लग काढून फेन्स तपासा. ब्लेडच्या एका दात्यावर खूण करा. तो दाता पुढे आणून टेबलाच्या खाचेपासून अंतर मोजा, मग तोच दाता मागे नेऊन परत मोजा. फरक ०.१ ते ०.२ मिमीपेक्षा जास्त नको. त्यानंतर फेन्स ब्लेडला समांतर लावा. थोडी चूक राहायचीच असेल तर मागचं टोक ब्लेडपासून ०.२-०.३ मिमी दूर जाऊ द्या, जवळ कधीच नको. ही तपासणी महिन्यातून एकदा करा, आणि मशीन टेम्पोतून साइटवर नेलं तर उतरवल्यावर प्रत्येक वेळी.

पुतण्याला पहिल्या आठवड्यात फक्त प्लायच्या रुंद पट्ट्या द्या. ब्लेड फळीच्या वर पाच-सहा मिमीच ठेवायचं. ब्लेडच्या रेषेत उभं राहायचं नाही, थोडं डावीकडे. फेन्स आणि ब्लेडमध्ये १५० मिमीपेक्षा कमी जागा उरली की पुश स्टिक, ५० मिमीपेक्षा कमी उरली की मागे टाच असलेला रुंद पुश ब्लॉक. दोन्ही १२ मिमी प्लायमध्ये बनवा, चार-पाच जोड एकदम बनवून मशीनला टांगा, म्हणजे हात सोडून ते शोधायला जावं लागणार नाही. फेन्सशिवाय किंवा माइटर गेजशिवाय (आडव्या कापासाठी टेबलाच्या खाचेत सरकणारी कोनपट्टी) मोकळ्या हाताने काही कापायचं नाही. आडवा काप घेताना फेन्स आणि माइटर गेज एकाच वेळी वापरायचे नाहीत, कारण कापलेला ठोकळा दोघांच्या मधे अडकून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. सारख्या मापाचे तुकडे हवे असतील तर ब्लेडच्या बऱ्याच आधी संपणारा ठोकळा फेन्सला क्लॅम्प करा.

हातमोजे नाहीत. फिरतं ब्लेड मोज्याचं कापड पकडतं आणि पूर्ण पंजा आत ओढतं. अंगठी, हातातलं कडं, मनगटाचा धागा काढून ठेवायचा. उन्हाळ्यात डोक्याला-तोंडाला दुपट्टा बांधायची आपल्याकडची सवय चांगली, पण मशीनवर त्याची टोकं आत खोचलेली हवीत, किंवा टोपीच घाला. कूलरचा झोत ब्लेडवरून तोंडावर येणार नाही असा फिरवा, नाहीतर भुसा थेट डोळ्यांत येतो.

आणि एवढं करूनही लागलंच तर: जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा. तुटलेलं बोट धुवत बसू नका. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट बर्फाला थेट लावू नका, पेशी गोठून मरतात. १०८ ला फोन करा. बोट परत जोडायला मायक्रोसर्जरी करणारा सर्जन लागतो, तो प्रत्येक दवाखान्यात नसतो, आणि त्या वेळी दवाखाने शोधण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून मशीन शेडमध्ये उतरण्याआधीच मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाला) आणि दोन-तीन मोठ्या रुग्णालयांना फोन करून रात्री ही शस्त्रक्रिया कुठे होते ते विचारा. मिळालेले नंबर स्विचच्या शेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा, मोबाइलमध्ये नको. लॉक उघडायला बोट लागतं.